कामावर गेल्याने हक्क जात नाही
(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



पालक मेळाव्यात शिक्षकाने अभ्यासाबद्दल आणि परीक्षेबद्दल बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. आज मी थोडा वेगळा विषय घेतो आहे. घरातल्या कर्त्या माणसाला अपघात झाला आणि त्याला अपंगत्वाचा भत्ता सुरू झाला, तर त्याने पुन्हा कामावर जावे की नाही? अपंग मुलाला अनुदान मिळत असेल, तर त्याने शाळेत यावे की नाही? हा विषय शाळेपासून दूरचा वाटेल. पण माझ्या घरी याच प्रश्नापायी एका मुलीची शाळा सुटली, म्हणून आपल्यापुढे बोलतो.

सन २००२ मध्ये मी सातवीत होतो. माझे अब्बा अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर काम करीत. एका रात्रपाळीत त्यांचा उजवा हात मागाच्या दातेरी चाकात सापडला आणि दोन बोटे गेली. कामगार विमा होता, म्हणून उपचार झाले आणि घरी बसलेल्या दिवसांचे पैसेही मिळाले. पुढे वैद्यकीय मंडळाने तपासणी करून त्यांना कायमचा भत्ता ठरवून दिला. तेवढ्यात कोणीतरी सांगितले, "मियाँ, कामावर दिसलात तर भत्ता बंद होईल." अब्बा घाबरले. जखम भरली, हात चालू लागला, तरी ते दोन वर्षे घरी बसून राहिले. भत्त्यात घर भागेना. तेव्हा माझी आपा नववीतून उठली आणि अम्मीबरोबर विड्या वळायला बसली. वर्गात तिचा नंबर माझ्यापेक्षा नेहमी वर असे.

दोन वर्षांनी हयातीचा दाखला देण्यासाठी अब्बा विमा कार्यालयात गेले. तेथील एका वयस्कर कारकुनाने त्यांना विचारले, "कामावर का जात नाही?" अब्बांनी भीती सांगितली. कारकून म्हणाले, "कामावर गेल्याने बोटे परत येतात का? मग भत्ता कसा बंद होईल?" पुढच्याच महिन्यात अब्बा टॉवेल मोजण्याच्या आणि घडी घालण्याच्या कामावर लागले. पगार पूर्वीपेक्षा कमी होता, पण भत्ताही चालू राहिला. घर सावरले. आपाची शाळा मात्र परत आली नाही.

म्हणून हा नियम नीट समजून घ्या. कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आज हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. या योजनेत अपंगत्वाचे दोन भत्ते आहेत आणि त्यांत लोक गल्लत करतात.

पहिला तात्पुरत्या अपंगत्वाचा. कामावर झालेल्या अपघातामुळे जितके दिवस काम करता येत नाही, तितके दिवस सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के रक्कम मिळते. ज्या दिवशी आपण काम करून मजुरी घेतो, त्या दिवसाचा हा भत्ता मिळत नाही. येथे लपवाछपवी करू नये. तो गुन्हा आहे.

दुसरा कायमच्या अपंगत्वाचा. कमावण्याची शक्ती किती टक्के गेली, यावर तो ठरतो आणि हयातभर मिळतो. एका हाताची दोन बोटे गेली तर कायद्याच्या तक्त्यात २० टक्के धरले आहेत, अंगठा गेला तर ३० टक्के. समजा रोजंदारी ५०० रुपये आहे. तिचे ९० टक्के म्हणजे ४५० रुपये आणि त्याचे २० टक्के म्हणजे रोजचे ९० रुपये. माणूस कामावर गेला तरी हे ९० रुपये मिळत राहतात, कारण ती गेलेल्या शक्तीची भरपाई आहे. ती खैरात नव्हे.

आता दुसरी बाजू. ज्यांना विमा नाही, अशा गरीब अपंग माणसांसाठी महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. म्हणून कमाई सुरू होण्याआधी तहसील कार्यालयात जाऊन विचारावे आणि खरे तेच सांगावे. पण शाळेत बसणे म्हणजे कमाई नव्हे. मुलगा शिकतो म्हणून अनुदान बंद होईल, ही भीती मनातून काढून टाका.

उलट कायदा शिकणाऱ्याच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. नोकरीत असताना अपंगत्व आले, तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढून टाकता येत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिकही मिळतो. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो आणि शाळेने बोर्डाकडे वेळेवर अर्ज करावा लागतो. तेव्हा परीक्षा तोंडावर आल्यावर येऊ नका, जून महिन्यातच वर्गशिक्षकांना भेटा.

पालकांनो, माझी विनंती साधी आहे. भत्त्याबद्दल, अनुदानाबद्दल गल्लीत ऐकलेल्या गोष्टीवर घराचा निर्णय घेऊ नका. कार्यालयात जा, अर्ज द्या, उत्तर लेखी मागा. लिहिता येत नसेल तर शाळेत या, आम्ही शिक्षक अर्ज लिहून देऊ. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरात आलेला सरकारी कागद तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या घरी अब्बांच्या भत्त्याचा कागद दोन वर्षे ट्रंकेत पडून होता. मी सातवीत होतो, मला वाचता येत होते, पण मी तो कधी उघडून पाहिला नाही. ही खंत मला आजही आहे.

आपाची मुलगी यंदा नववीत आहे. ती शाळेला निघाली की आपा दारात उभी राहून ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाहत असते. ते पाहूनच आज बोलायचे ठरवले.