छतावरची डिश आणि मधली पायरी
(व्याख्यानाचा गोषवारा)



आपल्या दुसरबीडमध्ये कितीतरी घरांच्या पत्र्यावर डिश दिसते. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासमालिका लागत असे. ज्या घरी मोठा फोन नव्हता, त्या घरी वर्ग आला तो टीव्हीवर. पण आकाशातला वर्ग पत्र्यावर उतरतो कसा, हे आपण मुलांना कधी सांगितले काय? मी कला शाखेचा पदवीधर. मलाही ते आधी शिकावे लागले. शिकल्यावर कळले की त्याचे मर्म साध्या बेरीज-वजाबाकीत आहे.

उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. तेथून येणाऱ्या लहरीची वारंवारता समजा ११,००० मेगाहर्ट्झ आहे. इतकी जलद लहर साध्या केबलमध्ये थोड्याच अंतरात विरून जाते. म्हणून डिशच्या तोंडाशी एक डबी बसवतात. तिला एलएनबी म्हणतात. ती प्रथम क्षीण लहर वाढवते. मग स्वतःची ९,७५० मेगाहर्ट्झची लहर तीत मिसळते. या मिश्रणातून दोहोंची बेरीज व वजाबाकी अशा नव्या लहरी निघतात. त्यांतील वजाबाकीची, म्हणजे १,२५० मेगाहर्ट्झची लहर गाळून घेतली जाते. हीच मधली वारंवारता. ती केबलमधून सुखरूप खाली येते.

चित्र आणि आवाज मात्र तेच राहतात. मुंबईचा प्रवासी रेल्वेने जालन्यास उतरतो व एस.टी.ने दुसरबीडला येतो. वाहन बदलते, पेटीतले सामान बदलत नाही.

दुतर्फा यंत्रात याच्या उलट क्रियाही होते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रह-दळणवळणाचे भू-केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांत बहुधा ७० मेगाहर्ट्झच्या मधल्या वारंवारतेवर संदेश तयार होई, मग ती सुमारे ६,००० पर्यंत चढवून वर पाठवीत. उपग्रह तीतून २,२२५ वजा करून ३,७७५ वर परत पाठवी. चढती आणि उतरती लहर वेगळी ठेवली नाही, तर उपग्रहाचा स्वतःचाच आवाज त्याच्या कानात घुमेल.

ही युक्ती आर्मस्ट्राँग यांनी १९१८ साली रेडिओसाठी काढली. आपल्या वडीलधाऱ्यांनी ५८५ किलोहर्ट्झवर नागपूर आकाशवाणी ऐकली, तेव्हा त्यांच्या रेडिओत १,०४० मधून ५८५ वजा होऊन ४५५ उरत असत. केंद्र कोणतेही लावा, उरतात ४५५च. म्हणून पुढची सगळी यंत्रणा त्या एकाच वारंवारतेसाठी नेमकी जुळवता येते.

आता मूळ मुद्दा. आपल्या अनेक मुलांच्या घरची बोली उर्दू, गावची भाषा मराठी आणि पुढच्या शिक्षणाची इंग्रजी. मूल मागे पडले की आपण त्याला मठ्ठ म्हणतो, शाळेतून काढून कामाला लावतो. मुलींच्या बाबतीत तर ही घाई अधिक. वास्तविक लहर पोहोचलेली असते; तिला मधली पायरी मिळालेली नसते. ती पायरी म्हणजे शिक्षक आणि घरातील शिकलेले माणूस. एलएनबीची स्वतःची लहर ढळली की चित्र जाते, तसेच आपण ढळलो की मूल जाते.

म्हणून एक विनंती. घरात बंद पडलेला रेडिओ किंवा जुनी एलएनबी असेल, तर भंगारात घालू नका, शाळेला द्या. मुलामुलींना ती उघडून पाहू द्या आणि त्यांच्या बोलीत त्यांना विचारू द्या.