मेथिल गटांची मोजदाद : पद्धती आणि त्यांच्या मर्यादा

डीएनएच्या रेणूत चार क्षारकांच्या क्रमाने आनुवंशिक माहिती साठविलेली असते. त्यांपैकी सायटोसीन या क्षारकाला पुष्कळदा मेथिल हा लहानसा रासायनिक गट जोडलेला आढळतो. त्याने क्षारकांचा क्रम बदलत नाही. परंतु जनुक कार्यरत राहावे की निष्क्रिय व्हावे, हे ठरण्यात या गटाचा वाटा असतो. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींतील डीएनए एकच असूनही त्यांची कामे भिन्न असतात, याचे हे एक कारण होय. म्हणूनच मेथिल गट किती आहेत आणि कोठे आहेत, हे मोजणे अगत्याचे ठरते.

हे दोन प्रश्न मात्र एक नव्हेत. बनशंकरीच्या सर्व टप्प्यांत मिळून किती घरांना कुलूप आहे, हे सांगणे वेगळे. कोणत्या टप्प्यातील कोणत्या घराला कुलूप आहे, हे सांगणे वेगळे. पहिल्यास एकूण गणती पुरते, दुसऱ्यासाठी दारोदार हिंडावे लागते.

पहिल्या प्रश्नावर याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत महत्त्वाचे काम झाले. 1982 मध्ये देवबागकर, चंद्रा व सहकाऱ्यांनी पिठ्या ढेकणाच्या डीएनएतील मेथिलयुक्त क्षारकांचे वर्णन प्रसिद्ध केले. 1984 मध्ये आचवल, गांगुली व चंद्रा यांनी ड्रॉसोफिला या फळमाशीकडे लक्ष वळविले. मेथिल सायटोसीनला ओळखणारी प्रतिपिंडे त्यांनी वापरली आणि प्रकाश शोषणाऱ्या पदार्थातून उमटणाऱ्या सूक्ष्म ध्वनीवरून मोजमाप करण्याच्या तंत्राचीही जोड दिली. दहा हजार क्षारकांमागे एकाहूनही कमी, इतके अल्प प्रमाण त्यांना आढळले. मात्र ते गट कोठे आहेत, हे अशा मापनातून कळत नाही.

स्थान शोधण्याचा एक जुना मार्ग म्हणजे डीएनए कापणारी विकरे. एचपीए-दोन आणि एमएसपी-एक ही दोन विकरे एकाच चार अक्षरी क्रमावर डीएनए कापतात. परंतु त्या क्रमातील आतल्या सायटोसीनवर मेथिल गट असल्यास पहिले अडते, दुसरे अडत नाही. दोहोंच्या तुकड्यांची तुलना केली की उत्तर मिळते. मात्र जेथे तो क्रम नाही, तेथे ही पद्धत मुकी राहते.

1992 मध्ये ऑस्ट्रेलियातील मॅरिआन फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी बायसल्फाइटची पद्धत मांडली. या रसायनाने साध्या सायटोसीनचे युरॅसिल होते, मेथिलयुक्त सायटोसीन तसेच राहते. पुढे क्रमवाचन केले की प्रत्येक स्थानाची स्थिती कळते. 2009 मध्ये मानवी पेशींच्या संपूर्ण जीनोमचा असा नकाशा प्रसिद्ध झाला. मानवी जीनोममध्ये सायटोसीनपुढे ग्वानीन येते अशी सुमारे 2 कोटी 80 लाख स्थाने आहेत. यावरून कामाचा व खर्चाचा आवाका ध्यानी यावा. खर्च वाचविण्यासाठी निवडक स्थाने तपासणाऱ्या चकत्या किंवा प्रतिपिंडांनी वेचलेले तुकडे वापरतात; पण पहिल्यात न निवडलेला भाग सुटतो, दुसऱ्यात नेमके अक्षर सांगता येत नाही.

बायसल्फाइटही निर्दोष नाही. ते डीएनएचे तुकडे करते. शिवाय रूपांतर क्वचितच पूर्ण होते. समजा, 99.5 टक्के सायटोसीन बदलले. उरलेले अर्धा टक्का मेथिलयुक्त असल्यासारखे वाचले जाईल. मानवी पेशींत त्या स्थानांपैकी बहुसंख्य मेथिलयुक्त असल्याने ही चूक सोसते. फळमाशीत मात्र ती खऱ्या प्रमाणाच्या कित्येक पट ठरते. फळमाशीत मेथिलीकरण आहे की नाही, हा वाद दीर्घकाळ रेंगाळला, त्यामागे ही अडचणही होती. यास्तव मेथिलरहित विषाणूचा डीएनए नमुन्यात मिसळून रूपांतर किती झाले, हे तपासण्याची प्रथा आहे. अलीकडे रसायनाऐवजी विकरे वापरणाऱ्या, तसेच सूक्ष्म रंध्रातून डीएनए ओढून थेट वाचणाऱ्या पद्धतीही आल्या आहेत.

हा विचार केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगात एमजीएमटी जनुकाच्या नियंत्रक भागावर मेथिल गट असल्यास टेमोझोलोमाइड हे औषध अधिक लाभते. तेथे चुकीचे मापन रुग्णाला भोवते. म्हणून आकड्याबरोबर तो कोणत्या पद्धतीने मिळाला आणि त्या पद्धतीची चूक किती, हेही सांगितले पाहिजे. त्यावाचून तो आकडा अपुराच होय.