चेक : एक शब्द, अर्थ अनेक
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



माझी हयात बँकेत गेली, म्हणून मला हिशेबावर बोलायला सांगितलंय. मी एकाच शब्दावर बोलतो : चेक. आपण चेक फाडतो, चेक्सचा शर्ट घालतो, डॉक्टरकडे चेकअप करतो, रात्री कुलूपही चेक करतो.

शब्द इंग्रजी, पण त्याचं मूळ फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. आपला चतुरंग इराणात गेला, अरबांकडे शतरंज झाला आणि पुढे युरोपात पोचला. राजावर चाल आली की ‘शाह’ म्हणत. फ्रेंचांच्या तोंडी त्याचं रूप बदललं आणि इंग्रजीत ‘चेक’ झालं. मराठीतला ‘शह’सुद्धा त्याच शाहचा. म्हणजे चेक आणि शह सख्खे भाऊच! शह बसला की राजा अडतो. म्हणून चेक म्हणजे आधी अडवणं, मग तपासणं. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेलं कापड, तेही चेक्स. बँकेच्या कागदाला हे नाव पडलं, कारण त्याच्या स्थळप्रतीवरून खरं-खोटं पडताळता येई.

आता माझी एक चूक सांगतो. दिवाळीनंतर एक मावशी कापसाचा चेक घेऊन काउंटरवर आल्या. म्हणाल्या, “साहेब, चेक करा.” मी तारीख, सही, रक्कम पाहिली. “बरोबर आहे मावशी,” म्हणून कागद परत दिला. त्यांना वाटलं, पैसे खात्यात जमा झाले आणि हा कागद म्हणजे पावती. त्यांनी तो देवघरात जपून ठेवला.

मृगाच्या तोंडावर त्या बियाण्यासाठी पैसे काढायला आल्या. तेव्हा चेक सहा महिने चालायचा. १ एप्रिल २०१२ पासून तीनच महिने चालतो. मी म्हणालो, “मावशी, चेक शिळा झाला.”

“कागद काय भाकर हाये का, शिळा व्हायला?”

आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत. नवा चेक मिळेपर्यंत त्यांनी सावकाराकडून पैसे उचलून पेरणी केली. तपासणी माझी चोख होती, फक्त “भरायचा आहे का?” एवढं विचारायचं राहिलं.

पंचवीस वर्षं आपल्या सोसायटीचे हिशेब चोख आहेत, याचा आनंद आहे. पण सभेत आकडे वाचून झाले की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सभासदाला एकदा विचारा, “काका, कळलं का?” खरं चेक करणं तेच.