नंदुरबारच्या उन्हात वॉटरलिली: हौद, चिखल आणि पाण्याचा हिशेब

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे परसातल्या छोट्या हौदात हार्डी वॉटरलिली लावणं. मी शहाद्यात राहून वर्क फ्रॉम होम करतो, त्यामुळे आजचं सगळं बोलणं नंदुरबार जिल्ह्याचं ऊन, इथली काळी माती आणि इथलं पाणी धरून असेल. तुम्ही कोकणात असाल तर अर्ध्या गोष्टी तुमच्यासाठी सोप्या होतील.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. आपण सगळ्यालाच कमळ म्हणतो. पण खरं कमळ वेगळं आणि वॉटरलिली वेगळी. कमळाचं पान पूर्ण गोल असतं आणि ते देठावर पाण्याच्या वर उभं राहतं. वॉटरलिलीच्या पानाला देठापर्यंत एक चीर असते आणि पान पाण्यावर पसरतं. मराठीत हिला कुमुद, कुमुदिनी म्हणतात. आपल्या शेजारी गुजरातीत पोयणी म्हणतात.

वॉटरलिलीचेही दोन मोठे गट आहेत, ट्रॉपिकल आणि हार्डी. आपल्या तळ्यांत पूर्वीपासून दिसणारी निळी किंवा पांढरी कुमुदिनी ट्रॉपिकल. ती कंदातून वाढते. हार्डी वाढते ती आडव्या, जाड मुळासारख्या खोडातून, ज्याला रायझोम म्हणतात. दिसायला साधारण आल्याच्या तुकड्यासारखं.

"हार्डी" म्हणजे नक्की काय?

हा शब्द ऐकून आपल्याला वाटतं, चिवट आहे, काहीही सोसेल. पण हे नाव थंड देशांतून आलंय. तळ्यावर बर्फाचा थर आला तरी खालच्या चिखलात जी जिवंत राहते ती हार्डी. एकोणिसाव्या शतकात थंड युरोपातल्या तळ्यांत टिकणारी लिली म्हणजे बहुतेक पांढरीच. फ्रान्समध्ये लातूर-मार्लियाक नावाच्या माणसाने १८७५ मध्ये नर्सरी काढली, युरोपातली पांढरी लिली आणि अमेरिकेतल्या रंगीत जाती यांचे संकर केले आणि पिवळ्या, गुलाबी, लाल हार्डी लिली तयार केल्या. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्या मांडल्या. चित्रकार मोनेने आपल्या बागेसाठी लिली त्याच्याकडूनच मागवल्या. मोनेची जी वॉटरलिलीची चित्रं आपण मोबाईलच्या वॉलपेपरवर लावतो, ती याच झाडांची.

म्हणजे हिची चिवटपणाची परीक्षा थंडीची होती. आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. आपली थंडी ती हसतहसत काढेल, एप्रिल-मे मात्र आपण सांभाळायचा. आणि त्याहून मोठा प्रश्न आहे पाण्याचा.

"इतलं पानी फुलेसले?"

शेजारच्या आजींनी विचारलेला हा प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याच जिल्ह्यात सातपुड्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. तेव्हा फुलांसाठी हौद भरायचा का, याचं उत्तर आकड्यांनी देऊ.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागावरचं पाणी एक मिलिमीटर खाली गेलं, की एक लिटर पाणी उडालं. आता दोन हौद घ्या. पहिला १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर खोल. दुसरा २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल. दोन्हीत पाणी मावतं ६०० लिटर. समजा उन्हाळ्यात एका दिवसात ८ मिलिमीटर पाणी उतरलं. पहिल्या हौदातून ८ लिटर गेलं, दुसऱ्यातून १६. पाणी तेवढंच, फूलही तेच, पण खर्च दुप्पट. शिवाय उथळ पाणी दुपारी चटकन तापतं.

म्हणून आपल्या भागासाठी पहिला नियम: तोंड लहान, खोली जास्त. आठ लिटर म्हणजे अर्ध्या बादलीच्या आसपास. दिवसभर चालणारा डेझर्ट कूलर याहून कितीतरी जास्त पाणी पितो. तुमचा आकडा तुम्हीच काढा. हौदात स्टीलची पट्टी उभी करा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा.

हाच हिशेब पावसालाही लागू होतो. २० चौरस मीटरच्या पत्र्यावर ३० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे ६०० लिटर पाणी. पन्हळीला पाईप लावला तर पहिल्या चांगल्या पावसांतच हौद भरतो. पहिली सर तेवढी वाहू द्या, ती पत्र्यावरची धूळ धुऊन नेते. म्हणून लागवडीची माझी आवडती वेळ मृगाचा पाऊस स्थिरावल्यावरची.

आणि तुमच्या गल्लीत उन्हाळ्यात टँकर येत असेल, तर लिलीची कुंडी उचलून सावलीतल्या बादलीत ठेवा आणि चिखलावर चार बोटं पाणी राहू द्या. फुलं येणार नाहीत, पण रायझोम तगतो. हौद पुन्हा पावसाळ्यात भरा.

हौद कशाचा?

जमिनीत खड्डा करणार असाल तर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद उत्तम. शेतकऱ्याकडे उरलेला तुकडा मिळतो. जमिनीत गाडलेल्या हौदाच्या कडा उन्हात तापत नाहीत, हा मोठा फायदा. सिमेंटचा नवा हौद असेल तर त्यातला चुना पाण्यात उतरतो, म्हणून पाणी भरा, काही दिवसांनी काढून झाडांना घाला, पुन्हा भरा. असं दोन-तीन आठवडे करा. प्लास्टिकचा ड्रम कापून वापरणार असाल तर तो आधी कशाचा होता ते विचारा. औषधाचा ड्रम नको.

जागा अशी हवी, की सकाळपासून पाच-सहा तास ऊन मिळेल आणि भर दुपारी भिंतीची किंवा ग्रीन नेटची सावली येईल. कारंजं लावू नका. लिलीला शांत पाणी लागतं, पानांवर सतत पाणी उडालेलं तिला चालत नाही. घरात लहान मूल असेल तर हौदावर मजबूत लोखंडी जाळी बसवल्याशिवाय पाणी भरूच नका. दोन फूट पाणी लहान मुलासाठी खूप असतं.

लागवड

इथे आपली काळी माती कामाला येते. जड, चिकट, पाण्यात न विरघळणारी. नर्सरीतलं कोकोपीटचं मिश्रण वापरलंत तर ते सगळं वर तरंगेल. कच्चं शेणखतही नको, ते पाण्यात सडतं आणि वास मारतं.

१. बांधकामावरचं प्लास्टिकचं घमेलं किंवा १२ ते १४ इंच रुंद टब घ्या. लिली आडवी चालते, तिला खोलीपेक्षा रुंदी हवी.

२. तळाला मूठभर हाडांची पूड, वर काळ्या मातीचा घट्ट चिखल.

३. रायझोम कडेला तिरका लावा. कोंबाचं टोक टबच्या मध्याकडे आणि मातीच्या वर. कोंब पुरला तर तो कुजतो.

४. वर धुतलेल्या जाड वाळूचा इंचभर थर द्या, म्हणजे पाणी गढूळ होत नाही.

५. टब हौदात एकावर एक तीन विटा रचून त्यावर ठेवा, म्हणजे कोंबावर अर्धा फूट पाणी राहील. पानं वर पोचली की एकेक वीट काढत जा. शेवटी टब तळाला बसतो.

पान फुटायला लागलं की महिन्यातून एकदा अर्धा चमचा १०:२६:२६ कागदाच्या पुडीत बांधून मुळाजवळ चिखलात खोल खुपसा. खत पाण्यात सुटं टाकलंत तर ते लिलीआधी शेवाळ खातं.

रोजचं काम

पाणी हिरवं दिसलं तर घाबरून हौद उपसू नका. पानांनी अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकला की शेवाळाचं ऊन तुटतं आणि पाणी आपोआप निवळतं. पिवळी पानं आणि बुडालेली फुलं देठासकट काढत राहा. पानांवर काळा मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाका. हौदात मासे असतील तर कीटकनाशक अजिबात नको.

मासे मात्र हवेतच. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि डेंग्यू पसरवणारा डास घराजवळच्या पाण्यातच वाढतो. गप्पी मासे या अळ्या खातात. आपला आरोग्य विभागही त्यासाठी गप्पीच वापरतो. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. नळाचं पाणी घालायचं असेल तर आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवा, क्लोरीन माशांना मारतो.

एक गोष्ट नोकरीवाल्यांसाठी. हार्डीचं फूल सकाळी ऊन चढल्यावर उघडतं आणि दुपार कलली की मिटतं. एक फूल तीन-चार दिवस हेच करतं, मग पाण्याखाली जातं. नऊला निघून सातला येणाऱ्याला ते फक्त रविवारी दिसेल. तुमचं तसं असेल तर रात्री उमलणारी देशी कुमुदिनी बघा.

हौदातलं हौदातच

दोनेक वर्षांत टब गच्च भरतो, पानं पाण्याबाहेर उभी राहतात. तेव्हा रायझोम काढून कोंबासकट तुकडे करा, मित्रांना वाटा. पण उरलेला तुकडा किंवा जास्त झालेले गप्पी ओढ्यात, तापीत, गावतळ्यात सोडायचे नाहीत.

याच भागात एवढं मात्र नक्की लक्षात ठेवा. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. सुंदर जांभळ्या फुलांसाठी लोकांनी ती जगभर नेली. आज पिंपरी-चिंचवडमध्ये पवना नदी झाकून टाकते आणि काढायला यंत्रं लावावी लागतात. आपल्याकडे तोरणमाळला यशवंत तलाव आहे, कमळ तलाव आहे. तिथे गेलात की फोटो काढा, पण घरची लिली तिथे रुजवू नका आणि तिथलं रोप घरी आणू नका. ज्या झाडाने युरोपचा बर्फ सोसला, त्याला आपल्या तळ्यात मोकळी जागा मिळाली तर ते कुठे थांबेल, याचा अंदाज घ्यायला ते तळं ही प्रयोगशाळा नाही.

तर या आठवड्याचं काम: अंगणात जागा बघा, सकाळी आठ, दुपारी बारा आणि तीन वाजता तिथे ऊन आहे का ते टिपा, आणि पत्र्याचं माप घ्या. हौदाची मापं घालून तुमचा हिशेब मला व्हॉईस नोटवर पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही सोडवू. तोपर्यंत, राम राम!