गाणं फुकट, गाणारी कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लग्नसराईत नवी मुंबईतल्या घणसोली, करावे, दिवाळे, सारसोळे अशा एखाद्या गावातून चक्कर मारा. हळदीच्या मांडवातून आगरी-कोळी गाणी कानावर येणारच. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे भातशेतीच्या, मिठागरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पण गावाचं गाणं गेलं नाही. उलट दर पिढीत त्याने नवा बाजार शोधला. त्या बाजारात गाणाऱ्याच्या पदरात काय पडलं, याविषयी आज थोडं बोलू.

या गाण्यांचं जुनं रूप म्हणजे धवला. आगरी समाजात लग्न लावण्याचा मान पूर्वापार धवलारणीचा. विधीविधीची गाणी तिला तोंडपाठ असत. ती मांडवात बसून गाई आणि यजमान तिला दक्षिणा देई. गाणारी आणि ऐकणारे समोरासमोर. मध्ये तिसरा कोणी नाही.

हा तिसरा आला यंत्राबरोबर. तबकड्यांच्या जमान्यात धंद्यावर एचएमव्हीचा वरचष्मा होता. तबकडी काढणं खर्चाचं काम, त्यामुळे गावोगावच्या गायकांना तिथे प्रवेश अवघड. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि हे चित्र पालटलं. टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्यांनी किंमत खाली आणली, थोड्या भांडवलात कॅसेट निघू लागली. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांचा आवाज चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. वेसावे गावच्या काशीराम चिंचय यांच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ने कोळीगीतं घराघरांत नेली. पण या धंद्यात गायक-कवींना अनेकदा एकरकमी मानधन मिळे. पुढे कॅसेट किती खपली, याच्याशी त्यांचा संबंध उरत नसे.

त्यानंतर सीडी आली, मग एमपी३. मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून मिळू लागलं. गाणं खिशात आलं, पण त्या दहा रुपयांतला एक पैसाही गाणाऱ्याकडे गेला नाही.

आता तर गाणं जवळजवळ फुकटच झालं आहे. मग कलावंत जगतो कशावर? उत्तर गमतीचं आहे: गाणं वाटायचं आणि हजेरी विकायची. आगरी-कोळी गायक आपलं गाणं यूट्यूबवर टाकतो. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा वाहिनीचालकाला मिळतो, पण लाखोंनी प्रेक्षक असल्याशिवाय ती रक्कम फारशी होत नाही. खरी कमाई हळदीच्या, जत्रेच्या सुपारीची. व्हिडिओ ही तिची जाहिरात. २०२४ साली जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ देशभर गाजलं, तेही लोकांनी त्यावर नाचून केलेल्या छोट्या छोट्या चित्रफितींमुळे. ऐकणारेच विक्रेते झाले!

जगातल्या बड्या कलावंतांचंही गणित हेच. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम झाले. त्यांची गाणी मोबाइलवर फुकट ऐकता येतात; तिकिटं मात्र अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती आणि तरीही त्यांच्यासाठी झुंबड उडाली. नेरूळचं स्टेडियम काय किंवा करावे गावातला मांडव काय, माणसाला अजूनही गाणारा समोर हवा असतो.

पण या नव्या बाजारात धवलारीण कुठे आहे? तिच्या ओव्या नव्या ठेक्यावर बसवल्या जातात, व्हिडिओ लाखो लोक पाहतात आणि खाली लिहिलेलं असतं फक्त ‘पारंपरिक’. पारंपरिक गीतावर कोणाची मालकी नाही, हे खरं. म्हणून ते नव्याने गायला कोणाची आडकाठी नाही. मात्र धवलारणीचा स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून वापरायचा, तर गोष्ट वेगळी. १९९४ च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क मान्य झाला आहे; तिची संमती लागते. नवं गीत लिहिणाऱ्या कवीला आणि संगीतकाराला तर २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वधनाचा असा वाटा दिला आहे, जो करारावर सही करूनही सोडून देता येत नाही. मुंबईतली आयपीआरएस ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था आपल्या सभासद कवी-संगीतकारांसाठी हे पैसे गोळा करते. गावातल्या तरुण कवींनी तिथे नाव जरूर नोंदवावं.

आणि ज्यांच्या हातात मोबाइल आहे, त्या नातवंडांना एक सांगणं. आजीचा धवला जरूर ध्वनिमुद्रित करा. पण आधी तिला विचारा, खाली तिचं आणि गावाचं नाव लिहा आणि कमाई झाली तर तिचा वाटा तिच्या हातावर ठेवा. मांडवातल्या यजमानाला दक्षिणेची आठवण कधी करून द्यावी लागली नव्हती. मोबाइलवाल्यालाही लागू नये.