औषधदान आणि घरातील स्त्री
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांना जैन परंपरेत मोठे स्थान आहे. धर्मादाय दवाखाने व आरोग्य शिबिरे यांमागे औषधदानाचीच प्रेरणा आहे. परंतु दवाखान्याचे दार सर्वांना उघडे असले, तरी त्या दारापर्यंत स्त्री आणि पुरुष सारखेच पोहोचतात काय? आजच्या मंगलप्रसंगी या प्रश्नाचा विचार व्हावा.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. आजार होता, वेदना होती. विचारपूस करणारे कोणी नव्हते.

हे जुने, खेड्यातले चित्र आहे, असे कोणी म्हणेल. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. मासिक पाळी व गर्भारपण यांमुळे स्त्रीला लोह अधिक लागते आणि अनेक घरांत तीच सर्वांत शेवटी जेवते. तिचा थकवा हा स्वभाव समजला जातो. दवाखान्यात जायचे तर पैसे, सोबत, सवड व घरच्यांची संमती हवी. शिवाय पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे सांगण्याचा संकोच असतो. अनेक विकसनशील देशांतील स्त्रियांच्या वाटेत हेच अडथळे आहेत.

साधू, साध्वी, श्रावक, श्राविका असा चतुर्विध संघ. पर्युषणात अठाई करणाऱ्या भगिनींच्या तपाची अनुमोदना होते, सत्कार होतो. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन किती, याची चौकशी क्वचितच होते. ‘शक्तितस्तप’ या भावनेच्या नावातच शक्तीचा विचार आहे. तपापूर्वी तपासणी केल्याने तपाचे मोल उणावत नाही.

म्हणून आरोग्य शिबिर दुपारच्या सवडीच्या वेळी भरावे, तेथे स्त्री डॉक्टर असाव्यात, हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी आणि औषध पूर्ण घेतले गेले की नाही, हेही पाहिले जावे. ज्या घरात गृहिणीचे ताट सर्वांबरोबर वाढले जाते, तेथे औषधदानाचा आरंभ झालाच आहे.

जय जिनेंद्र!