पडद्यावरची तलवार आणि आखाड्यातली माती



झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म वाराणसीचा. मोरोपंत तांबे यांची ही मनकर्णिका पेशव्यांच्या ब्रह्मावर्तात वाढली. तिच्या पराक्रमावर सोहराब मोदींनी १९५३ मध्ये चित्रपट काढला. २०१९ मध्ये ‘मणिकर्णिका’ आला. अशा चित्रपटांतील युद्धकला कितपत खरी असते?

पडद्यावर तलवारीवर तलवार खणखणते. प्रत्यक्षात धारेवर धार आदळली की पात्याला खांडे पडतात. म्हणून जाणता योद्धा अंग चुकवतो, वार ढालीवर घेतो. दांडपट्ट्याच्या खोबणीत तर मनगट अडकलेले असते. तो खांद्यातून आणि कमरेतून फिरवावा लागतो. सर्वांत मोठी तफावत मात्र दमाची. पडद्यावरचा वीर थकत नाही, कारण त्याची लढाई तुकड्यातुकड्यांनी चित्रित होते. काशीच्या आखाड्यांत जोडी आणि गदा फिरवणारा मल्ल आधी श्वास सांभाळायला शिकतो.

यात चित्रपटाला दोष देण्याचे कारण नाही. दोन-तीन तासांत आयुष्य सांगायचे, तर वर्षानुवर्षांची तालीम गाळावीच लागते. धोका असतो तो गाळलेले नव्हतेच असे मानण्यात. केवळ पाहून उडी घेणारे मूल हाडे मोडून घेते.

पालकांनी मुलांना असे चित्रपट अवश्य दाखवावेत आणि दुसऱ्या दिवशी मल्लखांबापाशी न्यावे. तेथे पहिला धडा पकडीचा असतो; उडी फार नंतर येते. राणीचे शौर्यही अशाच धड्यांतून घडले.